जुन्या फोनचा गाडी स्कॅनर: डोंगल घेण्यापासून लाइव्ह डेटा वाचण्यापर्यंत

डॅशबोर्डवर तो पिवळा, इंजिनच्या आकाराचा दिवा लागला की पहिला प्रश्न पडतो, गाडी चालवू की नको, आणि दुसरा, गॅरेजमध्ये जे सांगतील ते खरंच तसं आहे का हे आपल्याला कळणार कसं. दोन्हीची उत्तरं बऱ्यापैकी मिळतात, आणि त्यासाठी महागडा स्कॅनर लागत नाही, ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन आणि काडेपेटीएवढा एक डोंगल, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये बसून फोनला माहिती पाठवणारं छोटं यंत्र, पुरतो. मी हे बरीच वर्षं करतोय, स्वतःच्या गाडीवर आणि ओळखीतल्यांच्या गाड्यांवरही, आणि नवीन माणूस नेमका कुठे अडकतो ते आता पाठ झालंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. फोन तुम्हाला कधीच "हा पार्ट खराब आहे" असं सांगत नाही, गाडीच्या कंप्युटरला कुठे काय खटकलं एवढंच तो एका कोडच्या रूपात दाखवतो. कोड वाचला, नेटवर शोधला, पहिल्या उत्तरात ज्या पार्टचं नाव आलं तो मागवला, असं करणाऱ्यांचे पैसे हमखास वाया जातात. म्हणून खाली कोडपेक्षा लाइव्ह डेटावर, म्हणजे गाडीतल्या सेन्सरच्या त्या त्या क्षणाच्या आकड्यांवर, जास्त लिहिलंय, तो भाग घाईत वाचू नका.

काय काय लागेल

- जुना स्मार्टफोन, शक्यतो अँड्रॉइड, ब्लूटूथ नीट चालणारा. स्क्रीनला तडा असला तरी चालेल, पण बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन अजिबात वापरू नका.
- ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा) डोंगल, ब्लूटूथ किंवा वायफायवाला.
- गाडीत लावायचा चार्जर, केबल आणि फोन होल्डर.
- गाडीचं मॅन्युअल, फ्यूजच्या नकाशासाठी.
- एक वही. हो, वहीच. तारीख, किलोमीटर, कोड आणि तेव्हा गाडी कशी वागत होती हे लिहायला. सहा महिन्यांनी तोच कोड परत आला की ही वही सगळ्यात जास्त कामाला येते.

१. आधी गाडीतलं सॉकेट शोधा

आपल्याला हवंय ते ओबीडी-२ नावाचं सॉकेट. १६ पिनांचं, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. बहुतेक गाड्यांत ते ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, स्टीअरिंगच्या खालच्या पॅनलमध्ये असतं, कधी उघडं तर कधी छोट्या झाकणामागे. वाकून दिसत नसेल तर फोनचा कॅमेरा खाली धरून फोटो काढा, लगेच सापडतं.

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना हे सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ च्या आसपास, आणि बाकीच्या देशांत हळूहळू त्यानंतर. इथे एक सापळा आहे. जुन्या काही गाड्यांत सॉकेट हुबेहूब असंच १६ पिनांचं असतं पण आतमध्ये कंपनीची स्वतःचीच पद्धत असते, साधा डोंगल तिथे लावला की दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. त्यामुळे डोंगल घेण्याआधी तुमचं मॉडेल आणि वर्ष टाकून कुणी ते आधी जोडलंय का ते शोधा. पूर्ण इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा लेख तुम्हाला अर्धाच उपयोगी, कारण ओबीडी-२ मुळात धुरावर लक्ष ठेवायला आलं, आणि इलेक्ट्रिक गाडीतली बॅटरीची माहिती वाचायला त्या त्या मॉडेलची वेगळी सेटिंग लागते.

सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते आणि ४ व ५ नंबरच्या पिना ग्राउंडला. म्हणजे डोंगल लावल्या लावल्या, चावी न फिरवताही, त्याचा दिवा लागायला हवा. नाही लागला तर डोंगल खराब समजून परत पाठवायच्या आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत चार्जिंगच्या सॉकेटचा आणि याचा फ्यूज एकच असतो, आणि तो आधीच कधीतरी उडालेला असतो.

२. डोंगल निवडताना

बाजारात जे स्वस्त डोंगल दिसतात त्यातल्या बहुतेकांवर ईएलएम३२७ असं लिहिलेलं असतं. ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. पहिल्या आवृत्तीत कॉपी होऊ नये म्हणून काही संरक्षणच नव्हतं, त्यामुळे तिच्या नकला जगभर झाल्या, आणि मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. त्यामुळे आज स्वस्तात जे मिळतं ते नक्कलच आहे असं धरून चाला. नक्कल वाईटच असते असं नाही, पण तिच्यात दोन पातळ्या आहेत आणि फरक कळायला हवा.

खोक्यावरच्या व्हर्जन नंबरवर जाऊ नका. "१.५" लिहिलेले डोंगल सगळीकडे मिळतात, पण मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. आणि "२.१" लिहिलेल्या बऱ्याच नकलांमध्ये उलट कमांड कमी चालतात, ॲप जोडलं जातं आणि मधेच अडकतं, किंवा जुन्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे बोलायच्या जुन्या पद्धतीच्या, काही गाड्यांशी बोलतच नाही. ओबीडी-२ मध्ये गाडीशी बोलायच्या पाच पद्धती आहेत. नवीन गाड्या बहुतेक सगळ्या त्यातली कॅन नावाची पद्धत वापरतात, अमेरिकेत तर २००८ पासून ते सक्तीचंच आहे. म्हणजे गाडी त्यानंतरची असेल तर साधी नक्कलही बहुधा चालून जाते, जुनी असेल तर मात्र पाचही प्रोटोकॉल खरोखर चालतात असा डोंगल रिव्ह्यू वाचून घ्या. परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, हे तर आलंच.

आता ब्लूटूथ की वायफाय? अँड्रॉइड फोन असेल तर सरळ साधा ब्लूटूथवाला घ्या. आयफोन असेल तर तो साधा ब्लूटूथ डोंगल चालणार नाही, त्याला वायफायवाला किंवा लो एनर्जी ब्लूटूथवाला लागतो. इथे खूप लोक फसतात, कारण खोक्यावर नुसतं "ब्लूटूथ" लिहिलेलं असतं. वायफायवाल्याची कटकट वेगळी. फोन त्याच्या नेटवर्कला जोडला जातो, तिथे इंटरनेट नाही हे फोनला कळतं आणि तो गुपचूप दुसऱ्या नेटवर्कवर उडी मारतो, आणि आपण ॲपला शिव्या देत बसतो. "इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का" असं विचारलं की हो म्हणा, आणि मोबाइल डेटा बंद ठेवा.

३. फोन तयार करा

आधी फोनमधले तुमचे फोटो वगैरे दुसरीकडे घेऊन फॅक्टरी रिसेट मारा. जुन्या फोनमध्ये सिक्युरिटी अपडेट येत नसतात, म्हणून त्यावर बँकेचं किंवा मुख्य ईमेलचं काही ठेवू नका, ॲप घेण्यापुरतं एखादं वेगळं अकाउंट पुरे. सिम काढून टाका.

किती जुना चालेल? अँड्रॉइड ६ किंवा त्याच्या वरचा असेल तर त्रास जवळपास नाही. २.३.७ किंवा त्याखालच्या फोनवर गूगलने सप्टेंबर २०२१ पासून लॉगिनच बंद केलंय, आणि ४.४ साठी प्ले सर्व्हिसेसचे अपडेट २०२३ मध्ये थांबले, त्यामुळे तेवढ्या जुन्या फोनवर ॲप चढवण्यातच जीव जातो.

ॲपमध्ये टॉर्क हे अँड्रॉइडवरचं जुनं आणि हलकं नाव आहे, कार स्कॅनर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर मिळतं आणि मॉडेलनुसार प्रोफाइल देतं, आणि अँड्रओबीडी पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. नवीन माणसाला मी कार स्कॅनरपासून सुरुवात करायला सांगतो कारण मांडणी सोपी आहे. एखादं ॲप कोड वाचायलाही पैसे मागत असेल तर ते सोडून द्या, कोड वाचणं आणि पुसणं मोफत देणारी पुष्कळ आहेत.

परवानग्यांमध्ये एक गोष्ट लोकांना खटकते, ॲप लोकेशन का मागतंय. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथची उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागतेच, सिस्टिमचा नियमच तसा होता. १२ पासून त्यासाठी "जवळची उपकरणं" अशी वेगळी परवानगी आली. म्हणजे जुन्या फोनवर लोकेशन दिलंच नाही तर यादीत डोंगल दिसतच नाही.

बाकी दोन छोट्या गोष्टी. बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की तो ॲप मारून टाकतो आणि रेकॉर्डिंग अर्धवट राहतं. आणि फोन कायमचा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवू नका. उन्हात बंद गाडीत डॅशबोर्ड भयंकर तापतो आणि जुनी लिथियम बॅटरी तिथेच फुगते. वापरून झाला की घरी न्या.

४. जोडणी, याच क्रमाने

क्रम चुकला की जोडलं जात नाही आणि दोष डोंगलला दिला जातो, म्हणून हा क्रम पाळा.

१) गाडी बंद असताना डोंगल सॉकेटमध्ये नीट, शेवटपर्यंत दाबून बसवा.
२) चावी ऑनवर आणा, इंजिन चालू करू नका. बटणवाल्या गाडीत बहुतेक वेळा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की हीच स्थिती येते.
३) साधा ब्लूटूथ डोंगल असेल तर आधी फोनच्या सेटिंगमधून पेअर करा, पिन बहुतेक वेळा १२३४ नाहीतर ०००० असतो. लो एनर्जीवाला असेल तर उलट, सेटिंगमध्ये पेअर करायचंच नाही, थेट ॲपमधून निवडायचा.
४) वायफायवाला असेल तर त्याचं नेटवर्क निवडा आणि ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० आहे का ते बघा, बहुतेकांचा हाच असतो.
५) ॲपच्या सेटिंगमध्ये जोडणीचा प्रकार आणि हाच डोंगल निवडा, मग कनेक्ट.
६) पहिल्यांदा ॲप प्रोटोकॉल शोधत बसतं, अर्धा मिनिटही लागतो, तेवढा वेळ हात लावू नका.

डोंगल जोडलाय पण "गाडीच्या कंप्युटरशी संपर्क नाही" असं येत असेल तर दहापैकी नऊ वेळा चावी ऑन नसते. तेही नसेल तर दुसरं एखादं ॲप मागे उघडं राहून ब्लूटूथ धरून बसलंय का ते बघा, एका वेळी एकच ॲप जोडलं जातं. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली जातं आणि डोंगलची जोडणी तुटते, तेव्हा इंजिन चालू झाल्यावर परत कनेक्ट करावं लागलं तर घाबरू नका.

आणि काम झालं की डोंगल काढा. वर सांगितलं तसं १६ नंबरची पिन कायम चालू असते. समजा डोंगल ४० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर गेला. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी आधीच थकलेली असेल तर गाडी सुरू होणार नाही. शिवाय १२३४ पिनवाला डोंगल म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही जोडता येणारी वस्तू, आणि वायफायवाल्यांना तर बऱ्याचदा पासवर्डच नसतो.

५. कोड वाचा, पण पुसायच्या बटणाला हात लावू नका

आधी दिवा कसा लागलाय ते. स्थिर लागलाय आणि गाडी नेहमीसारखी चालतेय, तर हळूहळू घरी जाऊन निवांत तपासता येतं. दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात मिस मारतेय (मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, पुढे नुसतं कॅट) तापतोय, लगेच ॲक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागी थांबा. आणि ऑइलचा, तापमानाचा किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला असेल तर फोन वगैरे काही काढायचा नाही, आधी गाडी थांबवायची.

कोडचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांचं आपसातलं बोलणं. त्यानंतरचा आकडा ० असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, तिथे दुसऱ्याच कंपनीचा अर्थ वाचून गोंधळ होतो. तिसऱ्या जागी ३ असेल तर इग्निशन किंवा मिसफायर, १ आणि २ म्हणजे हवा आणि इंधन, ४ म्हणजे धूर कमी करणारी यंत्रणा, ७ आणि ८ गिअरबॉक्स.

ॲपमध्ये साठवलेले, पेंडिंग आणि कधीकधी पर्मनंट असे वेगवेगळे कोड दिसतात. पेंडिंग म्हणजे कंप्युटरला संशय आलाय पण अजून खात्री नाही, दिवा लागायच्या आधीच हे दिसतात, म्हणून अधूनमधून बघत जा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, वेग किती, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) किती गरम, लोड म्हणजे इंजिनवरचा भार किती, हे सगळं कंप्युटर साठवून ठेवतो. कूलंट ३२ अंश आणि वेग शून्य असेल तर गाडी थंड असताना उभ्या उभ्या मिस मारली, आणि ९० अंश, चौथा-पाचवा गिअर, लोड ८५ टक्के असेल तर चढावर किंवा ओव्हरटेक करताना. दोन्हीचा तपास पूर्ण वेगळा. आणि कोड पुसला की हे सगळं जातं, परत मिळत नाही. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग वहीत नोंद, मग पुढचं.

६. लाइव्ह डेटा: खरं काम इथे होतं

यादीत शंभर गोष्टी दिसतील. सगळ्या टिक करू नका, स्वस्त डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे आणू शकतो, वीस निवडले की प्रत्येक आकडा शिळा होतो. तीन-चार निवडा आणि ग्राफ लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

*सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना.* चावी ऑन, इंजिन बंद. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेएवढेच असायला हवेत. एक २४ आणि दुसरा ४१ दाखवत असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय. आणि उणे ४० दाखवत असेल तर बहुतेक वेळा सेन्सरचा कनेक्टर सुटलाय किंवा वायर तुटलीय, कारण ओबीडीच्या मोजणीत सगळ्यात खालचा आकडा तोच. मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत याच वेळी समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल दिसतो, उंचावर थोडा कमी. इंजिन चालू करून गरम झालं की आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर न दाबता, पेट्रोल गाडीत तो ३० ते ४० च्या आसपास उतरतो.

*बॅटरी आणि अल्टरनेटर (तिला चार्ज करणारा).* इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, चावी ऑन केल्यावर थोडी खाली. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम कमीजास्त चार्ज करतो, त्यामुळे तिथे एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका, दिवे आणि एसी लावून दहा मिनिटं ग्राफ बघा.

*कूलंटचा ग्राफ.* मला सगळ्यात आवडणारा ग्राफ, कारण एक पार्ट काम करताना चक्क दिसतो. थंड गाडी चालू केली की रेष एकसारखी चढत जाते, ८५-९० च्या जवळ आली की थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरमधलं थंड पाणी आत येतं, रेष दोन-चार अंश खाली वाकते आणि मग सपाट होते. तो छोटासा खड्डा दिसला की थर्मोस्टॅट ठीक आहे. रेष ७० वर जाऊन तिथेच रेंगाळत असेल, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात अजून खाली जात असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, पी०१२८ कोड यातूनच येतो. रेष १०५-११० च्या वर जातेय आणि उभ्या गाडीत जास्त जातेय तर रेडिएटरचा फॅन बघा.

*फ्युएल ट्रिम.* पेट्रोल गाडीत हे शिकलात तर अर्धं निदान हातात आलं. कंप्युटरला वाटतं एवढं पेट्रोल लागेल, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर सांगतो कमी पडलं किंवा जास्त झालं, आणि मग कंप्युटर टक्क्यांत दुरुस्ती करतो. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची दुरुस्ती, ती सतत हलते. लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हीची बेरीज करायची. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर ठीक. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय.

समजा कोड आलाय पी०१७१, मिश्रण पातळ. इंजिन गरम करून आयडलला बघितलं तर बेरीज अधिक २४. आता रेस करून २५०० आरपीएमला धरून ठेवा. बेरीज उतरून अधिक ५ वर आली तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय, फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. कारण आयडलला इंजिन हवा कमी ओढतं, तेव्हा तेवढीशी गळतीही मोठी ठरते, आरपीएम वाढला की ती मुख्य हवेत मिसळून जाते. उलट आयडलला ठीक आणि चढावर लोडखाली बेरीज वाढत जात असेल तर पेट्रोलच कमी पोचतंय, पंप किंवा फिल्टरकडे बघा, किंवा हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळलाय. एकच कोड, दोन वेगळे आजार, आणि फरक फक्त या बेरजेत. मी तरी ऑक्सिजन सेन्सर बदलायचा विचार हे केल्याशिवाय कधीच करत नाही.

*ऑक्सिजन सेन्सर.* कॅटच्या आधीचा जुन्या पद्धतीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली उड्या मारतो, नंतरचा शांत, ०.६-०.७ च्या आसपास. नंतरचाही पहिल्यासारखाच नाचायला लागला तर कॅट थकलाय अशी शंका, पी०४२० तिथूनच येतो. पण कॅट महाग असतो, म्हणून आधी एक्झॉस्टमध्ये गळती आहे का आणि गाडी मिस मारते का हे तपासा, नाहीतर नवीन कॅटही त्याच वाटेने जाईल. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर बऱ्याचदा वेगळ्या जातीचा असतो, त्याचा ग्राफ असा नाचत नाही, ते बिघडलेलं समजू नका.

डिझेलवाल्यांना फ्युएल ट्रिम बहुतेक दिसणार नाही, त्यांनी रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि टर्बोचं बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) बघायचं.

चालत्या गाडीत स्क्रीनकडे बघायचं नाही. शेजारी कुणाला तरी बसवा, नाहीतर ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावून द्या आणि घरी येऊन ग्राफ बघा.

७. मिसफायरची अदलाबदल

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असलेल्या गाडीत हे एक पैसाही न घालवता तपासता येतं. इंजिन थंड, चावी बंद, पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावा. स्क्रीनशॉट घेतलेले असतील तर कोड पुसा आणि गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल खराब, आजार तिच्याबरोबर हलला. परत पी०३०१ च आला तर कॉइल निर्दोष, आता हीच अदलाबदल स्पार्क प्लगची करा. तिथेही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि तिथून पुढे गॅरेज. सिलिंडरची मोजणी कुठल्या बाजूने होते ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, उलटं मोजलं की सगळंच चुकतं.

८. डोंगलशिवायही फोन उपयोगी आहे

गाडी ठरावीक वेगाला थरथरते पण कोड काहीच नाही, अशा वेळी फोनमधला ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर, वापरा. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं, त्यात कंपनाची फ्रिक्वेन्सी बघता येते. फोन सीटच्या रुळाला घट्ट बांधा, हातात धरू नका. हिशोब असा, टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला तर ताशी ८० ला चाक सेकंदाला जवळपास १२ वेळा फिरतं, म्हणजे १२ हर्ट्झला टोक दिसलं तर चाकाचं बॅलन्सिंग, टायर किंवा रिम. इंजिन २४०० आरपीएमला सेकंदाला ४० वेळा फिरतं, टोक तिथे असेल आणि गिअर बदलल्यावर आरपीएमबरोबर सरकत असेल तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग. तुमच्या टायरचा खरा घेर खडूने खूण करून जमिनीवर मोजा, हिशोब एकदम नेमका येतो.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर नेमका बंद होणारा तो आवाज, तो आला की लगेच रेकॉर्ड करून ठेवा.

९. गॅरेजमध्ये नेताना आणि दुरुस्तीनंतर

मेकॅनिकला "फोनवर हा पार्ट आला" असं सांगू नका, त्याला राग येतो आणि तो चुकीचाही नसतो. कोड, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, ट्रिमचे आयडल आणि २५०० चे आकडे, आणि त्रास कधी होतो, थंड की गरम, चढावर की सिग्नलला, एवढं दाखवा. चांगला मेकॅनिक हे बघून खूश होतो, त्याचा तासभर वाचतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या डोंगलमध्ये बहुतेक दिसत नाहीत, ऑइल प्रेशर किंवा ब्रेक पॅडची झीजही नाही, त्यामुळे "फोनमध्ये काही नाही" याचा अर्थ गाडी ठणठणीत असा घेऊ नका. एअरबॅगच्या वायरिंगला तर घरी हातच लावायचा नाही. तसंच ॲपमध्ये कोडिंग किंवा सेटिंग बदलायचे पर्याय दिसले तर सुरुवातीला त्यांच्यापासून लांब राहा, वाचण्याने काही बिघडत नाही, लिहिण्याने बिघडतं.

कोड पुसायचा तो दुरुस्ती झाल्यावर, चावी ऑन, इंजिन बंद. पुसल्याने दिव्याबरोबर शिकलेला लाँग टर्म ट्रिमही बऱ्याच गाड्यांत जातो, म्हणून थोडा वेळ आयडल खालीवर होईल. रेडिनेस मॉनिटर पण शून्यावर येतात, म्हणजे कंप्युटरने स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केल्या होत्या त्या पुन्हा सुरू. धुराच्या तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून जाणारे इथेच पकडले जातात, जिथे मॉनिटर बघतात तिथे सगळे अपूर्ण दिसतात. काही गाड्यांतले पर्मनंट कोड तर कुठल्याच ॲपने पुसले जात नाहीत, गाडी स्वतः तपासणी करून समाधानी झाली की ते आपोआप जातात.

पुसल्यानंतर थोडे दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, थोडी शहरात, थोडी मोकळ्या रस्त्यावर, थंड सुरू करून पूर्ण गरम होईपर्यंत. मग परत डोंगल लावून तीन गोष्टी बघा: मॉनिटर पूर्ण झाले का, पेंडिंगमध्ये काही आलंय का, आणि ट्रिमची बेरीज आता किती आहे. तिन्ही व्यवस्थित असतील तर वहीत तारीख आणि किलोमीटर टाका आणि डोंगल काढून ठेवा.